अज्ञानांच्या जमिनी आणि आम्ही दस्त लिहिणारे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात आतल्या पानावर रोज जाहीर नोटिसा असतात. काम सोडल्यापासून मी अग्रलेखाच्या आधी त्या वाचतो, जुनी खोड आहे. गेल्या पंधरवड्यात त्यांत एक नोटीस होती. अमुक गावची अमुक सर्व्हे नंबरची जमीन, मालक मयत, वारस पत्नी आणि दोन अज्ञान, म्हणजे कायद्याने १८ वर्षांच्या आतली, मुले. 'स्वतःकरिता व अज्ञानांतर्फे पालक आई' या नात्याने त्या बाईने ही जमीन आमच्या अशिलास निर्वेध विकण्याचे कबूल केले आहे. कोणाचा हक्क, हितसंबंध किंवा बोजा असल्यास १५ दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, न कळवल्यास असा हक्क सोडून दिला असे समजून व्यवहार पुरा करण्यात येईल.

हक्क तर त्या दोन मुलांचाच आहे. त्यांतले एखादे बालवाडीत असेल. त्याने १५ दिवसांत कागदपत्रांसह कुणाला काय कळवायचे? न्यायालयाच्या परवानगीचा शब्द नोटिशीत कुठे सापडतो का म्हणून मी ती दोनदा वाचली. नव्हता.

नोटीस देणाऱ्या वकिलांना नावे ठेवायला मी बसलेलो नाही, मला तो अधिकारही नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर टेबल टाकून मी ३१ वर्षे दस्त लिहिले. सरकारी भाषेत दस्तलेखक, लोकांच्या तोंडी बॉण्ड रायटर. खरेदीपत्रे, वाटणीपत्रे, बक्षीसपत्रे, हक्कसोड, सगळे. अज्ञानांच्या जमिनीची खरेदीपत्रेही लिहिली. किती, ते मोजून ठेवलेले नाही. त्यांतल्या एकासाठी मला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. तो दावा अजून चालू आहे, म्हणून गाव, माणसे आणि माझे नाव यांतले काही छापू नये ही विनंती. पत्ता आपल्या कचेरीत दिला आहे.

२००३ चा उन्हाळा होता. लिहून देणार दोघी: एक २६ वर्षांची विधवा आणि तिची सासू. लिहून घेणार शेजारच्या गावचा शेतकरी, भला माणूस, आजही मी त्याला भलाच म्हणेन. साक्षीदार दोन, त्यांतला एक मयताचा सख्खा भाऊ. जमीन १ एकर १० गुंठे, भाताची, विहिरीत निम्मा हिस्सा. मयत गोव्यात सेंट्रिंगची कामे करायचा. त्या कमाईतून १९९६ साली त्याने ही जमीन स्वतःच्या नावावर घेतली होती. २००२ मध्ये तो गेला. वारसा लागला तेव्हा उताऱ्यावर चार नावे चढली: बायको, आई, पाच वर्षांचा मुलगा, दोन वर्षांची मुलगी. चौघांचा सारखा हिस्सा, प्रत्येकी साडेबारा गुंठे. म्हणजे निम्मी जमीन त्या दोन पोरांची.

पोरांना मीच घेऊन यायला सांगितले होते. अज्ञान आहेत असे दस्तात लिहायचे तर एकदा डोळ्यांनी बघितलेली बरी, एवढाच विचार. मुलगा आईच्या पदराला धरून उभा, धाकटी आजीच्या मांडीवर झोपलेली. टेबलावरच्या बरणीत लिमलेटच्या गोळ्या असायच्या, त्यांतल्या दोन मुलाच्या हातावर ठेवल्या. एक त्याने लगेच तोंडात टाकली, दुसरी मुठीत धरून राहिला, बहीण उठेपर्यंत.

'आमच्या कौटुंबिक अडचणीकरिता, तसेच अज्ञानांच्या पालनपोषण, शिक्षण व हिताकरिता सदर मिळकत विकणे भाग पडले आहे.' हे वाक्य मला तोंडपाठ होते. कन्नड टाइपरायटरवर ते मारताना मला बघावे लागत नसे. कुणाची पोरे शाळेत जातात की नाही हे न विचारता मी ते प्रत्येक दस्तात घातले आहे. या व्यवहारातली रक्कम १ लाख १० हजार. दवाखान्याचे देणे, सोसायटीचे कर्ज आणि दिराचे म्हणून सांगितलेले हातउसने भागवून त्या बाईच्या हाती काय उरले असेल ते तिलाच माहीत. शिक्षण व हित यांच्या वाटणीला काही आले नाही हे मात्र मला नंतर कळले.

दुसरेही एक वाक्य असते, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. पुढेमागे अज्ञानांनी सज्ञान झाल्यावर या खरेदीस हरकत घेतल्यास तिचे निवारण लिहून देणारीने स्वखर्चाने करावयाचे, आणि लिहून घेणाराचे जे नुकसान होईल ते तिने आपल्या इतर स्थावर-जंगम मिळकतीतून भरून द्यावयाचे. हे खरेदीदाराच्या रक्षणासाठी असते. ज्याला हे वाक्य घालावेसे वाटते त्याला, म्हणजे मला, व्यवहारात काय कमी आहे ते पक्के माहीत असते.

दस्त कन्नडमध्ये. सासू-सुनेला कन्नड बाजारहाटापुरते येई. रिवाजाप्रमाणे मी वाचून मराठीत सांगत गेलो. वैनी, इतकी इतकी जमीन, रक्कम पोचली, कब्जा आजच दिला, चतुःसीमा अशी अशी. ते वाक्य आले तेव्हा मी पान उलटले. तेव्हा विचारले असते तर म्हणालो असतो, घाई होती, आत नंबर लागला होता. आज सांगतो, मुद्दाम उलटले. सांगितले असते तर ती बाई थांबली असती. 'अण्णा, पोरं मोठी होऊन भांडली तर मी कुठनं भरू?' असे तिने विचारले असते आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. 'वैनी, इथं अंगठा लावा,' एवढेच म्हणालो. शेवटी माझी सही, तिच्यावर ठरलेली ओळ: लिहून देणारांस मजकूर वाचून दाखवला, त्यांनी तो समजून घेऊन बरोबर असल्याचे सांगितले.

आता कायदा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ सालचा आहे. ज्या वर्षी आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला त्याच वर्षीचा, त्याच्या दोनच महिने आधी मंजूर झालेला. जिल्हा गेला तो १ नोव्हेंबर आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, हा कायदा घरातल्या कर्त्या माणसांनाही ठाऊक नसतो. त्याच्या कलम ८ मध्ये म्हटले आहे की नैसर्गिक पालकाला, मग तो बाप असो की बापामागे आई, अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, अदलाबदल करता येत नाही. पाच वर्षांहून जास्त मुदतीने किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पुढे जाईल अशा मुदतीने भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. मोबाइल टॉवरसाठी १५-२० वर्षांचे करार करून देणाऱ्या आयांनी आणि करून घेणाऱ्यांनी हे शेवटचे जरा लक्षात घ्यावे. परवानगी जिल्हा न्यायालयाकडून घ्यायची. न्यायालय ती दोनच कारणांसाठी देते: खरीच निकड असेल तर, किंवा अज्ञानाचा उघड फायदा असेल तर.

परवानगी न घेता विकले तर? व्यवहार मुळातच रद्द होत नाही, पण त्या मुलाला तो रद्द करून घेता येतो. इथे सगळी मेख आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात यासाठी अनुच्छेद ६० आहे: सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे. म्हणजे २१ वा वाढदिवस आला की दार बंद. या वयात आपली पोरे काय करत असतात? कुणी आयटीआयला, कुणी लष्कराच्या मराठा सेंटरच्या भरतीसाठी पहाटे धावत, कुणी पुण्याला कंपनीत, पोरगी असेल तर तिच्या लग्नाचे बघणे सुरू. आपल्या नावावर कधीकाळी साडेबारा गुंठे होते हेच त्यांना माहीत नसते, मग दावा कोण लावणार? आणि सांगणार कोण? विकले आईने, साक्षीदार चुलता, लिहिणारा मी.

२०१९ च्या नोव्हेंबरात संध्याकाळी एक पोरगा घरी आला. उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला, नखांत काळे बसलेले. हातात दस्ताची नक्कल. मराठी शाळेत शिकलेला, कन्नड फडाफडा बोलणारा, पण दस्ताचे कन्नड त्याच्या आवाक्याबाहेरचे. 'काका, ह्यात माझं नाव कुठं हाय काय बघा की.' मी चष्मा लावला आणि पहिल्या पानावरच ओळखले. माझीच टाइप, 'र' तुटलेला. त्याच्या नावावर बोट ठेवले.

'अज्ञान नंबर एक. हे तूच.'

'मग माझी सही?'

'तुझी सही नसते. तुझ्या वतीनं आईची.'

'आणि कोर्टाची ऑर्डर?'

हे त्याला कुणी शिकवले होते कोण जाणे. त्या जमिनीत तोवर लेआउटचे दगड रोवले गेले होते. फाउंड्रीतल्या कुणीतरी त्याला विचारले होते म्हणे, हे तुमचेच शेत ना रे?

मी त्याला जन्मतारीख विचारली. जून १९९७. जून २०१५ ला सज्ञान, जून २०१८ ला मुदत संपलेली. सतरा महिने उशीर झाला होता. हे त्याला कसे सांगावे ते सुचेना, म्हणून आत चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत नक्कल उलटसुलट करत बसलो. मग सांगितले. तो काही बोलला नाही. बशीत चहा ओतून फुंकत राहिला. तेवढ्यात मला ती मांडीवर झोपलेली आठवली. 'धाकटीची तारीख काय?' सप्टेंबर २०००. म्हणजे तिला सप्टेंबर २०२१ पर्यंत वेळ होता.

तीन वर्षे उशिरा जन्मली म्हणून तिचा हक्क राहिला आणि भावाचा अडकला. त्याने नंतर वकिलांना विचारले, त्यांनीही तेच सांगितले. आपल्या हिश्शापुरते खरेदीपत्र रद्द व्हावे आणि साडेबारा गुंठे वाटून मिळावेत, असा दावा मुलीने २०२० च्या सुरुवातीला लावला. मग कोरोना, मग तारखा. जमीन विकणारी आई, म्हणून ती प्रतिवादी. आणि खरेदीदाराने आपल्या कैफियतीत ते वाक्य बरोब्बर काढले: नुकसान झाल्यास या बाईने भरून द्यावे, तसे तिने अंगठ्याने कबूल केले आहे. तिच्याकडे आता आहे काय, राहते घर. मायलेकी तारखेला एकाच बसने येतात, एकाच डब्यातले खातात, आणि नाव पुकारले की एक वादी म्हणून उभी राहते, एक प्रतिवादी म्हणून.

मला खरेदीदारातर्फे बोलावले होते. रक्कम पोचली, बाईने समजून अंगठा दिला, एवढे मी सांगावे अशी अपेक्षा. ते सांगून झाले. उलटतपासात मुलीच्या वकिलांनी दस्ताचे शेवटचे पान पुढे केले. ही सही तुमची? माझी. मजकूर वाचून दाखवला असे लिहिले आहे, खरे काय? मी म्हणालो, एक वाक्य सोडून. ते कुठले, असे विचारल्यावर ते वाक्य मी तिथे मोठ्याने वाचले, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. वीस वर्षांनी त्या बाईने ते पहिल्यांदा ऐकले. खाली उतरल्यावर ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

निकाल काय लागेल तो लागेल. मला वेगळेच सांगायचे आहे. कायद्याने हे कुलूप न्यायालयाच्या दाराला लावले आहे आणि व्यवहार होतो दुसऱ्याच दारातून. रजिस्ट्रार ऑफिसात माणसाचा फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, मुद्रांकाचा पैसा न् पैसा मोजला जातो. लिहून देणाराच अज्ञान दिसला तर नोंदणी कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे अधिकाऱ्याने दस्त नाकारायचा असतो. पण अज्ञान तिथे येतच नाही. येते त्याची पालक, आणि ती सज्ञान असते. मालकी खरी की खोटी हे तपासणे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नव्हे, असे उत्तर मिळते आणि ते कायद्याने चूकही नाही. माझ्या ३१ वर्षांत एकाच अधिकाऱ्याने मला विचारले होते, म्हैसूरकडचा तरुण मुलगा होता: कोर्टाची परवानगी कुठाय? आम्ही दस्त गुंडाळून परत आलो. तो रजेवर गेल्यावर आठ दिवसांनी तोच दस्त नोंदवला. हेही मीच केले.

सरकारने फार काही करू नये. आता नोंदणी खात्याच्या कावेरी या ऑनलाइन प्रणालीत दस्ताची माहिती घरी बसून भरता येते. त्यात लिहून देणार अज्ञानाचा पालक असेल तर न्यायालयाच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख भरल्याशिवाय पुढचे पान उघडू नये. मालकी तपासा असे मी म्हणत नाही, एक कागद मागा. आदेश लागणार नाही असे ज्याचे म्हणणे असेल त्याने का लागत नाही ते लिहून सही करावी. दुसरे, उताऱ्याच्या ९ नंबरच्या रकान्यात अज्ञानाचे नाव येते त्याच्यापुढे जन्मतारीख यावी. शिनोळीची वेस ओलांडली की चंदगड तालुक्यातल्या सातबाऱ्यावर अशा नावाला 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालक कर्ता असा शेरा दिसतो, आणि मूल मोठे झाल्यावर वयाचा दाखला देऊन तो कमी करून घेतात. त्या निमित्ताने तरी पोरगा एकदा तलाठ्यापुढे उभा राहतो आणि आपल्याला जमीन आहे हे त्याला कळते. तिकडे फसवणूक होत नाही असे नव्हे, तिकडचे दस्तही मी पाहिलेत.

आणि भाषेचे. मी कन्नडच्या विरोधात नाही, कन्नडनेच माझे घर चालवले. पण अंगठा लावणाऱ्या बाईला तिच्या भाषेत एक पान मिळावे, दस्तलेखकाच्या सहीचे: तू काय विकलेस, कुणाचा हिस्सा विकलास, आणि उद्या तुझ्यावर काय येऊ शकते. माझ्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवू नये हे माझ्याइतके कोण सांगणार!

इथे जाणकार म्हणतील, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीला परवानगी लागत नाही. खरे आहे. एकत्र कुटुंबातला अज्ञानाचा अविभक्त हिस्सा कर्त्याने विकला तर त्याला कलम ८ लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आहे. तिथे तपासले जाते ते वेगळे: कुटुंबाला खरेच निकड होती का? पण याच निकालाच्या आडून काय चालते ते ऐका. बापाने स्वतः घेतलेल्या जमिनीलाही दस्तात 'वडिलोपार्जित' म्हणतात आणि सुटतात. एक शब्द टाइप केला की परवानगीची कटकट संपली. बापाने स्वकष्टाने घेतलेली जमीन त्याच्या मागे वारसांना ज्याच्या त्याच्या हिश्शाने येते, तिथे तो शब्द चालत नाही. आणि खरोखरच वडिलोपार्जित असेल तर मुलीही त्यात आहेत. कर्नाटकाने १९९४ मध्येच त्यांना मुलग्याबरोबरीचा हक्क दिला, महाराष्ट्रानेही त्याच साली, देशाने २००५ मध्ये. अकरा वर्षे आधी मिळालेला हक्क आम्ही दस्तात किती वेळा लिहिला हे न विचारलेलेच बरे.

चुलता, आजोबा, मोठा भाऊ यांनी 'पालक' म्हणून सही केली असेल तर गोष्ट आणखी वेगळी. ते नैसर्गिक पालकच नव्हेत. नुसता सांभाळ करतो म्हणून कुणाला अज्ञानाची मिळकत विकता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे. बहिणीने पालक म्हणून विकलेल्या जमिनीच्या, कर्नाटकातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार मुळातच निरर्थक ठरवला होता. मुस्लिम कुटुंबांना १९५६ चा कायदा लागू नाही, पण तिथेही बापामागे आई मिळकतीची पालक धरली जात नाही, तिने न्यायालयातून नेमणूक करून घ्यावी लागते. तरी तिच्याही सहीने दस्त झालेले मी पाहिलेत.

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला तोही आपल्याच राज्यातला, दावणगेरेजवळच्या शामनूर गावच्या दोन प्लॉटांचा. बापाने मुलांच्या नावे घेतलेले प्लॉट परवानगीशिवाय विकले, मुलांनी सज्ञान झाल्यावर तेच प्लॉट दुसऱ्याला विकले. न्यायालयाने म्हटले, बापाचा व्यवहार नाकारायला दर वेळी दावाच लावला पाहिजे असे नाही, अशा उघड कृतीनेही तो नाकारता येतो. मुदत मात्र तीच. मला या निकालातला खरा इशारा खरेदीदारांना वाटतो. एक प्लॉट, दोन खरेदीदार, दोघांकडे नोंदणी झालेले दस्त. २०२० मध्ये कायदा बदलून शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता येऊ लागली, तेव्हापासून आपल्या भागात बाहेरचे गिऱ्हाईक वाढले आहे. त्यांना स्वस्तात मिळालेल्या गुंठ्यांत एखादे 'अज्ञान नंबर दोन' बसलेले असते.

परवानगी काढणे म्हणजे जन्माचे काम, असे सगळे म्हणतात. मीही गिऱ्हाइकांना तसेच सांगायचो, कारण गिऱ्हाईक कोर्टात गेले की माझा दस्त लांबायचा. २०११ मध्ये एका शिक्षकाच्या विधवेने माझे ऐकले नाही. उतारा, मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, जमिनीचे मूल्यांकन, विकायचे कारण आणि किती रकमेला विकणार हे सगळे अर्जासोबत लावले. आठ महिने लागले. न्यायालयाने परवानगी दिली ती अटीवर: मुलांच्या हिश्शाची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवीत घालायची, मुले १८ वर्षांची होईपर्यंत मुद्दल काढायचे नाही, व्याज शिक्षणासाठी आईने घ्यायचे. खरेदीदार आठ महिने थांबला. तो दस्त मी लिहिला तेव्हा 'अज्ञानांच्या शिक्षण व हिताकरिता' हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा शब्द बघून टाइप केले.

वकिलाच्या खर्चाची भीती असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा. आणि जिथे विकून झाले आहे तिथे पोर १८ वर्षांचे होण्याची वाट बघायला हवी असेही नाही. मामा, आत्या, कुणीही सज्ञान माणूस ज्याचे हितसंबंध मुलाच्या विरुद्ध नाहीत, तो वादमित्र म्हणून मुलाच्या वतीने आजही दावा लावू शकतो. निकाल मुलाच्या बाजूने लागला तरी त्याला त्या पैशांतून जो फायदा मिळाला असेल तो परत करायला न्यायालय सांगू शकते, हे मनात धरून जावे.

पत्र लांबले, काटछाट करावी लागली तर माझी माझ्याविषयीची वाक्ये काढू नयेत.

एक विनंती आपल्याला. जाहीर नोटिशीत 'अज्ञान' हा शब्द आला की परवानगीचा आदेश झाला आहे काय, एवढे जाहिरात घेतानाच आपल्या खिडकीवरच्या माणसाने विचारावे. नाही म्हणाले तर नोटीस छापू नका असे मी म्हणत नाही, धंदा आहे. विचारावे मात्र.

आणि वाचकांना: घरात १८ ते २१ मधले कुणी असेल आणि बाप लहानपणीच गेलेला असेल, तर बापाच्या नावचा जुना उतारा आणि त्यानंतरचे फेरफार एकदा काढून बघा. जुना कन्नड दस्त असेल आणि वाचता येत नसेल तर आपल्या कचेरीतून माझा पत्ता मागून घ्यावा. रविवारी सकाळी मी घरीच असतो. जन्मदाखला बरोबर आणावा, तारखेवर सगळे आहे. सगळा दस्त वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक
बेळगाव जिल्हा